टेरेन, टेरेन… पुल अप!

भिलाईत राहणाऱ्याला डोंगराचं भय ठाऊक नसतं. आमच्याकडे डोंगर वाघिणींत भरून येतो. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज रेल्वेनं थेट पोलाद कारखान्यात. रायपूरहून मुंबईचं विमान धरलं की मात्र शेवटच्या टप्प्यात सह्याद्री आडवा येतो, आणि जुलैत तो दिसत नाही. खिडकीबाहेर नुसता पिंजलेला कापूस.

७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलिटालियाचं ७७१ हे उड्डाण याच डोंगररांगेवर होतं. सिडनीहून निघालेलं डीसी-८ जातीचं विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं, पुढे रोमला जायचं होतं. ते जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगराला माथ्यालगत धडकलं. आत ९४ माणसं होती. कुणीही वाचलं नाही. चौकशीत निघालं ते असं: मुंबई जवळ आली अशी वैमानिकाची समजूत झाली होती आणि तो वेळेआधीच खाली उतरू लागला. धडकेच्या वेळी विमानतळ अजून ऐंशीएक किलोमीटर दूर होता. त्याने किमान सुरक्षित उंची पाळली नाही, रेडिओ साधनांचा पुरेसा उपयोग केला नाही आणि खालचा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

जेट विमान साधारणपणे सागरी मैलामागे तीनशे फूट उतरतं. म्हणजे पस्तीस हजार फुटांवरून येताना दोनशेहून अधिक किलोमीटर आधी, आमच्या वाटेवर नगर-शिर्डीच्या पट्ट्यातच, उतरणं सुरू करावं लागतं. हा हिशेब सोपा आहे, फक्त आपण नेमके कुठे आहोत ते ठाऊक हवं. तिथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही विमान हरिश्चंद्रगडाच्या सुमारे ४,६७० फुटांच्या माथ्याखाली सापडतं. त्यात हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. पायाखाली डोंगर आला याची त्याला खबरच नसते.

ही खबर देणारी पेटी डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत घडवली. तिचं नाव जीपीडब्ल्यूएस, म्हणजे जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा. विमानाच्या पोटाखालचा रेडिओ अल्टिमीटर जमिनीकडे लहरी सोडतो, त्या परतायला लागणाऱ्या वेळेवरून खरं अंतर कळतं. ते अंतर फार वेगानं घटू लागलं की पेटी ‘पुल अप’, म्हणजे ‘वर घ्या’, असं ओरडते. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले, तेव्हा कुठे अमेरिकेने ती मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीची केली. सुरुवातीला ती उगाचही ओरडायची, त्यामुळे काही वैमानिकांचा तिच्यावर राग होता. तो अगदीच अनाठायी होता असं मी म्हणणार नाही.

पण तिचा खरा दोष वेगळा. ती फक्त खाली बघायची, त्यामुळे समोर कडा उभा असेल तर फार उशिरा कळायचं. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात कालीजवळ एका विमानात पेटी ओरडली, वैमानिकांनी नाक वर घेतलं, पण पंखांवरचे वेगरोधक मिटायचे राहिले. १५९ माणसं गेली. इशारा मिळून हाताशी होते जेमतेम बारा-तेरा सेकंद.

बेटमनच्या मंडळींनी तोवर पेटीला पुढचं बघायला शिकवत आणलं होतं. त्यासाठी जगभरच्या जमिनीचा उंचीसह नकाशा हवा होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या लष्कराने जपून ठेवलेले नकाशे विकत मिळाले. (शीतयुद्धाचा एवढा सदुपयोग दुसरा मला माहीत नाही.) नवी पेटी उपग्रहावरून विमानाची जागा घेते, ती नकाशाशी ताडते आणि वाटेतला धोक्याचा डोंगर पडद्यावर पिवळा नाहीतर लाल दाखवते. पहिला इशारा धडकेच्या साधारण मिनिटभर आधी, ‘पुल अप’ अर्ध्या मिनिटावर. वैमानिकाला आपण कुठे आहोत असं वाटतंय, हे ती विचारत नाही. माझ्या मते तिची सगळी थोरवी यातच आहे.

ढगात ‘पुल अप’ ऐकू आलं की खरं-खोटं तपासत बसायचं नसतं. ऑटोपायलट बंद, इंजिनांना पूर्ण जोर, पंख समतल, नाक वर, वेगरोधक मिटलेले. चर्चा नंतर.

पावसाळ्यात मुंबईला उतरताना डावी-उजवी बाजू सगळी पांढरी दिसली, तर घड्याळ बघा. उतरायला दहा-पंधरा मिनिटं असतील, तर त्या पांढऱ्याखाली जुन्नरचे डोंगर असतील.