देवाचा चेहरा, नवी रेषा

आषाढीच्या आदल्या आठवड्यात आमच्या उंब्रजचा एक मुलगा माझ्याकडे आला. कोल्हापूरला चित्रकला शिकतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॅनव्हास त्याने भिंतीला टेकवून उभा केला. म्हणाला, "चाचा, हा विठ्ठल. आजीला दाखवला तर ती म्हणते, ह्याचं डोळं कुठं हायती? आता तुम्हीच सांगा."

मी पाहू लागलो. काळ्या रंगाचा एक उभा पट्टा, दोन बाजूंना कोपरांचे दोन त्रिकोण, खाली विटेची तांबडी आडवी रेघ. बस्स, एवढेच.

मी कविता लिहिणारा माणूस. त्यातून ज्या घरात वाढलो, तिथे भिंतीवर कोणाचा चेहरा नसे; सुंदर वळणाची अक्षरे असत. पण आजीचा प्रश्न काही मनातून जाईना.

आधी हे पाहू, की आजीच्या ओळखीचा देवाचा चेहरा आला कुठून? पैठणच्या चित्रकथींची जुनी चित्रे पाहा. त्यांतले राम-सीता सपाट रंगांचे, मोठाल्या डोळ्यांचे. पुढे राजा रविवर्मा यांनी युरोपातल्या तैलचित्रांची रीत उचलली. सावली आली, अंगाला गोलाई आली, लक्ष्मी-सरस्वती घरातल्या बायांसारख्या दिसू लागल्या. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रे घरोघर पोचली, देवघरात बसली. म्हणजे आज ज्याला आपण देवाचा 'खरा' चेहरा समजतो, तीही एके काळी परकी, नवी शैलीच होती. चार पिढ्यांनी उदबत्ती ओवाळली आणि ती आपली झाली.

आता जिला आधुनिक शैली म्हणतात, ती काय करते? फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचे उदाहरण घेऊ. जन्म १९२४ चा, गोव्यातल्या साळगावचा. लहानपणी त्यांना देवी आल्या. पोरगा वाचला तर पाद्री करीन, असा नवस आईने संत फ्रान्सिस झेवियरला केला. पोरगा वाचला, नावात 'फ्रान्सिस' आले. पाद्री मात्र तो झाला नाही, चित्रकार झाला. १९४७ साली रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासह सोझांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४९ साली ते लंडनला गेले. तिथे १९५९ साली त्यांनी क्रुसावरचा ख्रिस्त रंगवला. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

गोरापान, सोनेरी केसांचा, शांत ख्रिस्त त्यात नाही. देह काळा, रेषा जाड आणि बाभळीच्या काट्यांसारख्या टोकदार. पाहणारा दचकतो. पण क्रुसावर खिळलेल्या माणसाकडे न दचकता कसे पाहावे? चित्रकाराने चेहऱ्याचा सारखेपणा सोडला, की त्याच्या हाती रेघ, रंग आणि आकार एवढेच उरतात. वेदना त्यांच्याकडूनच वदवून घ्यावी लागते. आम्ही कवी दुसरे काय करतो? मुखडा चंद्रासारखा म्हटले, तर त्यावर कोणी खड्डे शोधत नाही.

या वाटेला किंमत पडते. सोझांचे सोबती मकबूल फिदा हुसेन हे १९१५ साली पंढरपुरात जन्मले. त्यांनी रामायण-महाभारत रंगवले. पण काही देवीचित्रांवरून १९९६ साली वाद पेटला, हल्ले झाले, खटले झाले. २००६ साली त्यांनी देश सोडला आणि २०११ साली लंडनमध्ये ते वारले. हल्ल्याचे समर्थन मी करणार नाही. पण ज्याच्यापुढे रोज दिवा लावला त्याचे रूप कोणी बदलले, तर काळजाला लागते, तेही खोटे नसते. 'तुम्हाला कळत नाही' म्हणून चित्रकाराने हात झटकू नयेत.

म्हणून मी त्या मुलाला एकच विचारले, "यातले काय काढले तर विठ्ठल जाईल?" त्याने तळहाताने दोन्ही त्रिकोण झाकले. उरला नुसता काळा खांब. हात काढला, पुन्हा विठ्ठल उभा. "हे आजीला दाखव," मी म्हणालो.

कारण आजीला हे नवे नाही. उंब्रजला समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे. शेंदराचे थर चढून नाक-कान बुजलेले मारुती तर गावोगावच्या वेशीवर भेटतात. बांधावरचा तांदळा म्हणजे शेंदूर फासलेला बिनआकाराचा दगड. आजी चप्पल काढून त्याला हात जोडते. चेहऱ्यावाचून देव ओळखायची तिची सवय सगळ्या आधुनिक चित्रकारांपेक्षा जुनी आहे.

एकादशीनंतर मुलगा पुन्हा आला. आजीने त्रिकोण झाकून पाहिले, उघडून पाहिले. मग म्हणाली, "देवघरात माझा इठ्ठल ऱ्हाऊ दे. तुझा सोप्यात लाव."

सोप्यात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मुलगा थोडा हिरमुसला होता. मला मात्र वाटले, चित्र घरात आले आहे. आत जायला वेळ लागतोच.