भाग ७ : पाण्याच्या टाकीला कोणतं सीलंट लावायचं?

माझा भाचा मालवणला पर्यटकांची बोट चालवतो. परवा त्याचा फोन आला, "मामा, बोटीतली पिण्याच्या पाण्याची टाकी झाकणापाशी गळतेय. दुकानदार म्हणतो, ही ट्यूब लावा, एकदम वॉटरप्रूफ आहे. लावू का?"

मी म्हटलं, "थांब! तीच चूक मी इथे जुनवानीत करून बसलोय."

चार वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी पाइपाच्या तोंडाशी गळायला लागली. मी बाथरूमसाठी आणलेलं सिलिकॉन आतून भरलं आणि संध्याकाळी टाकी भरली. गळती थांबली. पण मे महिना, भिलाईचं ऊन, पाणी चांगलंच तापलेलं. चहाला औषधासारखा वास यायला लागला. आईनं दोन दिवस तेच पाणी प्यायलं आणि काही बोलली नाही, कारण टाकी मी दुरुस्त केली होती. कुणाला काही झालं नाही, पण ते सगळं सिलिकॉन मला खरवडून काढावं लागलं.

यातली मुख्य गोष्ट अशी, की वॉटरप्रूफ म्हणजे पाणी अडवणारं. पाण्यात काही सोडत नाही, असा त्याचा अर्थ नाही. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बहुतेक वेळा बुरशीनाशक घातलेलं असतं. फरशीच्या कडेला ते उपयोगी, पण पिण्याच्या पाण्यात नको. पाणी जितकं गरम आणि जितका वेळ साठलेलं, तितके असे पदार्थ जास्त उतरतात. 'फूड ग्रेड' एवढ्या शब्दावरही जाऊ नका. अन्नाला थोडा वेळ लागणं वेगळं आणि महिनोन्‌महिने पाण्यात बुडून राहणं वेगळं.

मग पाहायचं काय? डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पिण्याच्या पाण्यासाठीचं प्रमाणपत्र शोधा. अमेरिकेचं एनएसएफ ६१ किंवा ब्रिटनचं बीएस ६९२०. बीएस ६९२० मध्ये तो पदार्थ पाण्यात ठेवून चव, वास, रंग, जंतूंची वाढ आणि उतरणारे धातू तपासतात. आपलं आयएस १०५०० हे पाण्याचं मानक आहे, सीलंटचं नव्हे. ट्यूबवर नुसता तो आकडा दिसला म्हणून समाधान मानू नका.

आता जागेप्रमाणे.

झाकण : इथे सीलंट लागतच नाही. ईपीडीएम रबराचं, पिण्याच्या पाण्याला चालणारं गॅस्केट बसवा. झाकण पुन्हा उघडायचंच असतं. भाच्याचं काम एवढ्यावरच झालं.

आट्यांचे जोड : टेफ्लॉन टेप. जुने मिस्त्री ताग आणि सफेदा किंवा शेंदूर लावायचे. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुन्या सफेद्यातही शिसं असायचं.

प्लॅस्टिकची टाकी : पॉलिथिनला सिलिकॉन नीट चिकटतच नाही. तडा गेला तर त्याच प्लॅस्टिकनं गरम वेल्डिंग करून घ्या, नाहीतर टाकी बदला.

स्टील किंवा सिमेंटची फट : प्रमाणपत्र असलेलं, व्हिनेगरचा वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरवालं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ते धातू आणि सिमेंट दोन्हीला मानवत नाही. बोट सतत हलते, म्हणून तिथे कडक पुट्टीपेक्षा लवचिक सीलंट बरं.

आणि घाई नको. असं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं बाहेरून आत सुकतं, साधारण दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. वरून कोरडं लागलं तरी आत कच्चं असतं. डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण थांबा. मग टाकी भरा, एक दिवस ठेवा, ते पाणी ओतून द्या. असं दोनदा करा. तरीही वास आला तर ते पाणी पिऊ नका. मात्र वास नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असंही नाही. पाण्यात उतरलेलं शिसं जिभेला कळत नाही.

अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ ला परतले. अशा प्रवासात टाकीतलं पाणी बिघडलं तर शेजारी मागायची सोय नसते. आपल्याकडे ती असते, म्हणून आपण निष्काळजी राहतो.

दुकानात गेलात की एकच प्रश्न विचारा, "हे पिण्याच्या पाण्यात कायम बुडवून चालतं, असं कुठे लिहिलंय ते दाखवा." दाखवता आलं नाही, तर ट्यूब परत द्या.

भेटू पुढच्या भागात.