पाहुण्यांसाठी थांबलेली उडी

वसई-विरारच्या मैदानांवर मुले तिहेरी उडी मारताना पाहिली, की मला हेन्री रिबेलो आठवतात. फिनलंडच्या विल्हो टुलोसने तीन ऑलिंपिक गाजवली. १९२० साली सुवर्ण, १९२४ आणि १९२८ साली कांस्य. रिबेलोंची ऑलिंपिक कारकीर्द मात्र एका उडीत आटोपली. १९४८, लंडन. अंतिम फेरीत १९ वर्षांचे रिबेलो धावायला सज्ज झाले, तोच पारितोषिक समारंभासाठी त्यांना थांबवले. गार वाऱ्यात अंग आखडले. मग उडी घेताना मांडीमागचा स्नायूच फाटला!

या उडीत पहिला टप्पा लंगडीचा. सारा भार एकाच पायावर. गार पडलेल्या अंगाला तो पेलत नाही. आपल्याकडेही पाहुणे आले, की स्पर्धा थांबते. आयोजकहो, हारतुरे नंतरही देता येतील!