बिनराज्याचा कारभारी

उजनीच्या पाण्याखाली गावं गेली, त्या माढा-करमाळ्याच्या पट्ट्यात पुढाऱ्याची पारख करायला फार विचार लागत नाही. कालव्याला पाणी आलं का, उसाचं बिल निघालं का, धरणग्रस्ताच्या सातबाऱ्यावर नाव लागलं का, एवढं टेंभुर्णीच्या बाजारात कुणीही विचारतो. असाच लोकांनी निवडलेला एक पुढारी म्हणजे तिबेटी निर्वासितांचा प्रमुख, ‘सिक्योंग’. त्याच्या हाती मात्र धरण नाही, पोलीस नाहीत, सक्तीने वसूल करता येईल असा करही नाही. मग त्याला जोखायचं कशावर?

हा प्रश्न वाटतो तेवढा दूरचा नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. आसपासचे लोक तिला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. इथली माणसं धानाची शेती करतात, हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकतात आणि हिमाचलातल्या धर्मशाळा गावी बसणाऱ्या या कारभाऱ्यासाठी मतही देतात. वय अठरा पूर्ण हवं आणि ‘ग्रीन बुक’मध्ये ऐच्छिक वर्गणीची नोंद चालू हवी.

दलाई लामा १९५९ च्या मार्चमध्ये भारतात आले. २ सप्टेंबर १९६० ला पहिल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. घर गेलेल्या माणसांनी दीड वर्षात प्रतिनिधी निवडावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. प्रमुखाची थेट निवडणूक मात्र २००१ मध्ये आली. सामदोंग रिनपोछे प्रचंड मतांनी निवडून आले, पण दलाई लामांच्या छत्राखालच्या त्या कारभाऱ्याला कठोर प्रश्न विचारायची कुणाला गरज वाटली नाही. खरा बदल २०११ चा. दलाई लामांनी राजकीय अधिकार सोडले. लोकांनी ‘सोडू नका’ म्हणून विनवलं, तरी ते ठाम राहिले. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये शिकलेले लोबसांग सांगे सुमारे ५५ टक्के मतांनी प्रमुख झाले. श्रद्धेची जागा आता हिशेबाने घ्यायची होती.

सांगे नोव्हेंबर २०२० मध्ये व्हाइट हाउसमध्ये गेले. सहा दशकांत असं आमंत्रण कुणाला नव्हतं. मोठी गोष्ट खरी, पण त्या भेटीने गोठणगावच्या पोराला गावातच राहावंसं वाटेल का? २००९ च्या तिबेटी जनगणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर तरुण युरोप-अमेरिकेकडे निघतच राहिले. माझ्या मते सिक्योंगची पहिली कसोटी वसाहतीत शाळा, शेती आणि माणसं टिकतात का, ही आहे. बीजिंगशी औपचारिक चर्चा २०१० पासून थांबली, तिचा सगळा दोष त्याच्या माथी मारणं अन्याय आहे. जमिनीच्या भाडेपट्ट्याचं मात्र तसं नाही. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात वीस वर्षांच्या पट्ट्याची तरतूद आहे. ती प्रत्येक वसाहतीत कागदावर उतरवून घेण्यासाठी राज्य सरकारांच्या दारी खेटे घालणं त्याच्या हाती आहे.

दुसरी कसोटी भांडणात लागते. कर्नाटकातल्या बायलाकुप्पे वसाहतीत जन्मलेले पेन्पा त्सेरिंग २०२१ मध्ये ३४,३२४ मतं घेऊन सिक्योंग झाले. प्रतिस्पर्ध्याला २८,९०७ मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये निर्वासितांच्या संसदेने त्यांच्याच सर्वोच्च न्याय आयोगाच्या तिन्ही आयुक्तांना हटवलं होतं. त्यामुळे शपथ कुणापुढे घ्यायची यावर नवे सदस्य दुभंगले आणि ऑक्टोबरपर्यंत ४५ जणांची संसद अडून राहिली. परदेशी वाचकाला हा पोरखेळ वाटेल. मला वाटत नाही. प्रांत आणि पंथ घेऊन आलेल्या समाजाने शेवटचा शब्द दलाई लामांवर न सोपवता वाद घालायला शिकणं, हे २०११ च्या निर्णयाचंच फळ आहे, कडू असलं तरी.

दलाई लामा ६ जुलै २०२५ ला नव्वद वर्षांचे झाले. त्यांच्या पुनर्जन्माची ओळख त्यांची गादेन फोद्रांग संस्थाच पटवेल, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. नवं बालक सापडून मोठं होईपर्यंत वीसेक वर्षं जातील. तोवर नोर्ग्येलिंगच्या शेतकऱ्याची बाजू दिल्लीत, मुंबईत आणि जगापुढे मांडायची आहे सिक्योंगनेच.