खांद्याला विचारा!

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळे टेक्सासच्या गनशॉपमध्ये मी अगदीच ‘ढ’! हलकी, इनर्शियावाली 12 बोअर सेमी-ऑटो घेऊन टाकली. टर्कीला ठीक, सकाळभर दबा धरून एखादाच बार. पण सप्टेंबरात होल्यांवर खोकाभर काडतुसं उडवली आणि खांदा काळानिळा. सोमवारी ऑफिसात माऊस धरवेना!

आता 20 बोअर, गॅसवाली. साफसफाई जास्त, पण काडतुसाच्या गॅसवरच यंत्रणा चालते, धक्का मवाळ बसतो. होल्यांना मोकळा चोक, टर्कीला घट्ट चोक नि टंगस्टनचे छर्रे. होल्यांसाठी प्लगही हवाच. बंदुकीत तीनच काडतुसं, कायदाच आहे. घेताना रिकामी बंदूक डोळे मिटून खांद्याला लावा. उघडल्यावर नळी नजरेसमोर सरळ दिसली, तरच कार्ड काढा.