ध्वनिमुद्रिकांची घरगुती स्वच्छता : अल्पखर्चाची एक पद्धत व तिच्या मर्यादा

जुनी ध्वनिमुद्रिका हे भाषेच्या अभ्यासकास लाभलेले एक असामान्य साधन होय. लिखित पुराव्यावरून उच्चाराचे केवळ अनुमान करता येते. तबकडीवर तो उच्चार प्रत्यक्ष ऐकता येतो. ग्रीअर्सन यांच्या भाषिक पाहणीला पूरक म्हणून १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले, ते या जाणिवेतूनच. त्याहून विपुल साठा व्यापारी तबकड्यांचा आहे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास भारतातील पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण केले. पुढील अर्धशतकात मराठी नाट्यपदे, भजने, लावण्या व संवाद मोठ्या संख्येने मुद्रित झाले. त्यांतील पुष्कळ तबकड्या आज संग्रहालयांत नसून घरांच्या माळ्यांवर व लोखंडी पेट्यांत आहेत.

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या प्रदेशात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अशी तबकडी येते, तेव्हा तिच्यावर धूळ, बुरशी व हातांचा तेलकटपणा यांचा थर असतो. निर्वात पंपाने मळ शोषून घेणारी यंत्रे महाग असल्याने स्वच्छता घरीच करावी लागते. ती अल्प खर्चात होऊ शकते. परंतु एका चुकीच्या द्रवाने तबकडीवरील पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून कृतीपूर्वी तबकडीचे द्रव्य व पाण्याचा गुण या दोन गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

१. द्रव्याची ओळख

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या आहेत. लाख, दगडाची बारीक पूड व काजळी यांच्या मिश्रणातून त्या दाबून काढीत. अशी तबकडी जड व ठिसूळ असते. ती वाकत नाही, तडकते. व्हिनाइलची तबकडी हलकी व लवचिक असते. व्हिनाइलची दीर्घवादी तबकडी १९४८ साली अमेरिकेत प्रथम बाजारात आली. भारतात मात्र १९६० नंतरही काही वर्षे लाखेच्या तबकड्या निघत राहिल्या. यास्तव केवळ सालावरून द्रव्य ठरवू नये.

हा भेद निर्णायक आहे. लाख मद्यार्कात विरघळते. सुताराचे पॉलिश याच गुणावर तयार होते. म्हणून स्पिरिट, अत्तर, हात निर्जंतुक करण्याचे द्रव किंवा मद्यार्कयुक्त कोणतेही तयार मिश्रण लाखेच्या तबकडीस लावल्यास तिच्या खोबणीच्या भिंतीच विरघळू लागतात. व्हिनाइलला सौम्य मद्यार्काने असा अपाय होत नाही, परंतु नेहमीच्या मळासाठी त्याची गरजही भासत नाही. द्रव्याविषयी शंका असल्यास तबकडी लाखेचीच समजून चालावे.

तिसरा एक प्रकार क्वचित आढळतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर देऊन त्यावर थेट कोरलेली ही तबकडी बहुधा एकमेव प्रत असते. मध्यभागीच्या छिद्रात किंवा कडेला धातू दिसणे ही तिची खूण. तिच्यावर पांढरी भुकटी दिसल्यास तो थराच्याच विघटनाचा परिणाम समजावा. अशी तबकडी घरी धुऊ नये. ती तज्ज्ञाकडे सोपवावी.

२. पाण्याचा प्रश्न

धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, काळ्या पाषाणावर वसलेला आहे. येथे विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. भांड्यांवर धरणारा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. तबकडीच्या दृष्टीने हा थर मळाइतकाच घातक ठरतो. समजा, एका लिटर पाण्यात १ ग्रॅम क्षार आहेत व धुतल्यानंतर तबकडीवर ५ मिलिलिटर पाणी वाळले. तर ५ मिलिग्रॅम क्षार तिच्यावरच राहतील. दीर्घवादी तबकडीची खोबण मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून फारशी रुंद नसते, हे ध्यानी घेता एवढे क्षारही अल्प म्हणता येत नाहीत. पाणी पारखण्यासाठी त्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर वाळू द्यावा. डाग राहिल्यास ते पाणी शेवटच्या धुण्यास वापरू नये.

उपाय सोपा आहे. मोटारीच्या बॅटरीत घालावयाचे डिस्टिल्ड पाणी कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही विकले जाते. सबब डब्यावरील चिठ्ठी वाचूनच घ्यावे. अंगाचा वा कपड्याचा साबण वर्ज्य होय, कारण जड पाण्यातील चुन्याशी संयोग होऊन त्याचा चिकट साका बनतो व तो खोबणीत बसतो. भांडी घासण्याचा सौम्य, बिनसुगंधी द्रव लिटरभर पाण्यास दोन-तीन थेंब या प्रमाणात पुरेसा होतो. रिठा व शिकेकाई यांचा काढा घरगुती असला तरी त्यांचा वनस्पतिज अंश मागे राहतो व बुरशीस अन्न मिळते. खोबरेल तेल व रॉकेल यांचा तर विचारही करू नये.

३. कृती

प्रथम कोरड्या मऊ कुंचल्याने, खोबणीच्या दिशेनेच, मोकळी धूळ काढावी. आडवा हात फिरविल्यास वाळूचे कण ओरखडे पाडतात. बुरशी असल्यास हे काम घराबाहेर, नाकावर कापड बांधून करावे. नंतर तबकडी स्वच्छ, मऊ कापडावर ठेवावी. मखमलीचा तुकडा साबणपाण्यात भिजवून पिळावा व त्याने गोलाकार पुसावे. जुन्या धोतराचे धागे सुटतात, म्हणून ते टाळावे. मधल्या कागदी चिठ्ठीस पाणी लागू देऊ नये. लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण चिरेतून पाणी आत शिरल्यास ती फुगते. लगेच दुसऱ्या ओल्या तुकड्याने निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसावे. साबणाचा अंश राहू न देणे हाच या कृतीचा गाभा आहे. शेवटी कोऱ्या मऊ कापडाने टिपून ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवावी. ऊन सर्वथा टाळावे; उन्हात तबकडी वाकडी होते. वाळलेली तबकडी जुन्या पाकिटात न घालता नव्या कागदी पाकिटात घालून उभी ठेवावी.

४. अभ्यासाच्या दृष्टीने मर्यादा

स्वच्छतेने नेमके काय साधते? आरंभीच्या अनेक तबकड्यांत गायक पद संपताच स्वतःचे नाव उच्चारतो. हे बोललेले वाक्य खोबणीच्या शेवटी, म्हणजे मध्याजवळ असते. १० इंची तबकडीत बाहेरील खोबण सुईखालून सेकंदास सुमारे ९८ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर आतील केवळ ४१ सेंटिमीटर वेगाने. परिणामी ५,००० कंपनांच्या ध्वनीची एक लहर आतील भागात मिलिमीटरच्या बाराव्या भागात सामावते. एवढ्या जागेत धुळीचा कणही स्फोटक व्यंजनाच्या आरंभासारखा ऐकू येतो. मळ काढल्याने असा खोटा पुरावा दूर होतो.

परंतु जे मुद्रितच झाले नाही, ते धुऊन मिळत नाही. १९२५ साली विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी कर्ण्यातून घेतलेल्या तबकड्यांत उच्च कंपनांचे ध्वनी जवळपास उतरलेलेच नाहीत. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा यांतील तालव्य व दंततालव्य उच्चारांचा भेद बऱ्याच अंशी याच उच्च कंपनांवर अवलंबून असतो. तेव्हा अशा तबकडीत हा भेद ऐकू आला नाही, एवढ्यावरून वक्त्याच्या बोलीत तो नव्हता असा निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पोलादी सुईने झिजलेल्या खोबणीलाही हेच लागू पडते.

म्हणून धुण्यापूर्वी चिठ्ठीवरील मजकूर, तबकडीचा क्रमांक, चिठ्ठीलगत कोरलेली अक्षरे व तबकडीची स्थिती टिपून ठेवावी. धुतल्यावर योग्य सुईने प्रथम एक अविकृत संगणकीय प्रत करावी. खरखर काढून टाकलेली प्रत वेगळी ठेवावी. लाखेच्या तबकडीस सूक्ष्म खोबणीची सुई चालत नाही, तिला सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. एवढे पथ्य पाळल्यास काही थोड्या रुपयांच्या साहित्याने एखाद्या घरातील तबकडी अभ्यासयोग्य पुरावा बनू शकते. न पाळल्यास स्वच्छतेच्या नावाखाली तोच पुरावा पुसला जातो.