पोलादी पातं, पितळी मूठ आणि उष्णतेचा जिना

तलवार म्हटलं की आपलं सगळं लक्ष पात्याकडे जातं. लांबी किती, धार कशी, पोलाद कुठलं. मूठ मात्र "नक्षी छान आहे हं" एवढ्यावर निकालात निघते. आज जरा उलटं करू. समजा, जुन्या धाटणीचं पोलादी पातं तयार आहे आणि त्याला पितळेची नक्षीदार ओतीव मूठ बसवायची आहे. मग पात्याची शेपटी (म्हणजे मुठीच्या आत शिरणारा मागचा अरुंद भाग) साच्यात ठेवून तिच्याभोवती वितळलेलं पितळ सरळ ओतून का टाकू नये? एका फटक्यात काम. जोड नाही, खिळा नाही, चिकटवायची भानगड नाही.

प्रश्न बावळट अजिबात नाही. इराणमध्ये लोहयुगाच्या सुरुवातीला लोखंडी पात्यावर कांस्याची मूठ थेट ओतलेली शस्त्रं सापडली आहेत. मग आपल्याकडे तलवारीची मूठ वेगळी बनवून थंड पात्यावर लाखेने बसवायची पद्धत का आली? माझ्या पीएच.डी.चा विषयच पोलाद आणि तांब्याच्या मिश्रधातूंचे जोड हा आहे, त्यामुळे मला हा प्रश्न जरा जास्तच आवडतो. पण उत्तर फक्त इतिहासापुरतं नाही. आजही मर्दानी खेळाच्या आखाड्यात, मिरवणुकीत, शिवजयंतीच्या देखाव्यात तलवारी फिरतात, आणि चुकीच्या पद्धतीने जोडलेलं पातं मुठीतून सुटलं तर समोर माणसं उभी असतात.

आधी पात्याकडे बघू. मराठीत आपण तलवारीला "पाणी पाजतो". शब्द सुंदर आहे आणि शास्त्रीयदृष्ट्या नेमकाही. पोलाद साधारण ८०० अंशांपर्यंत तापवलं की त्यातल्या लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बन त्या रचनेत सहज विरघळतो. (सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये.) ७७० अंशांच्या आसपास लोहचुंबक पोलादाला चिकटायचा थांबतो, थर्मामीटर नसलेल्या भट्टीवर ही खूण फार उपयोगी पडते. आता हे लाल पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की अणूंना पुन्हा जुन्या जागी जायला वेळच मिळत नाही. कार्बन आत अडकून पडतो, रचना ताणली जाते आणि पोलाद प्रचंड कठीण होतं. या अवस्थेला आम्ही मार्टेन्साइट म्हणतो. कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. हे पातं हातातून फरशीवर पडलं तर तुकडे होऊ शकतात.

म्हणून पुढची पायरी: टेंपरिंग. पातं पुन्हा हलकंसं तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या साध्या कार्बन पोलादावर तेव्हा रंग उमटत जातात. २२० अंशांच्या आसपास गवताच्या काडीसारखा पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळट, ३०० ला निळा. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर वाढणारा ऑक्साइडचा अतिपातळ थर. चाकूवाला पिवळ्यावर थांबेल. तलवारवाला निळ्याकडे झुकेल, कारण लांब पात्याला धारेपेक्षा लवचीकपणा जास्त लागतो. ट्रकच्या पाट्यांच्या पोलादात सिलिकॉन असतं, ते याहूनही वर टेंपर करावं लागतं. पण कुठलंही पोलाद घ्या, ठरवलेल्या तापमानाच्या बरंच पुढे गेलात की पाजलेलं पाणी उतरतं. पातं मऊ पडतं, वाकलं की वाकलेलंच राहतं. आणि हे उलटं फिरवता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आता पितळ. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ ९०० ते ९५० अंशांच्या टप्प्यात वितळतं आणि साच्यात नीट पळावं म्हणून त्याहून शंभरेक अंश वर तापवून ओततात. अर्धा किलो असं पितळ शेपटीभोवती ओतलं तर उष्णता शेपटीतच थांबणार नाही, ती पात्यात चढणार. परजेजवळचा भाग टेंपरिंगच्या तापमानाच्या कितीतरी पुढे जाणार. आणि झाडाची फांदी जशी खोडाजवळ मोडते, तसा तलवारीवर वार पडला की सगळ्यात जास्त ताण मुठीजवळच येतो. म्हणजे जिथे पोलाद सगळ्यात भरवशाचं हवं, नेमकं तिथेच आपण ते बिघडवलं. इराणच्या त्या कारागिरांचं लोखंड मुळातच मऊ होतं, पाणी पाजून कडक केलेलं नव्हतं. त्यामुळे बिघडण्यासारखं काही नव्हतंच. वूट्झची जुनी पाती बऱ्याचदा पूर्ण कडक केलेली नसायची, हेही खरं. पण तीही उष्णतेला लाजाळूच: फार तापवलं की कार्बाइडचे कण विरघळतात आणि पात्यावरची ती लाटांची नक्षी कायमची जाते.

मग कारागीर काय करतो? तो जिना उतरतो. पातं घडवणं साधारण १००० अंशांच्या आसपास. मग पाणी पाजणं, ८०० च्या आसपास. मग टेंपरिंग, दोन-चारशे. पितळ वेगळ्याच साच्यात ओतून गार करायचं, त्याची उष्णता पात्याला कळूच द्यायची नाही. आणि शेवटी दोघांना जोडणारी लाख, जी शंभराच्या आतच मऊ होते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थंड, म्हणून पुढचं काम मागचं काम पुसत नाही. पूर्वी या पायऱ्यांवर माणसंही वेगळी असायची: पातं लोहाराचं, ओतकाम ओताऱ्याचं, धार नि चकाकी शिकलगाराची, म्यानाचं कातडं जिनगराचं. एका वस्तूत चार घरांचं ज्ञान. माझ्या मते आपण तलवारींच्या गोष्टी सांगतो तेव्हा यातल्या ओताऱ्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो, म्हणून त्याच्याकडे थोडं थांबू.

(जाता जाता: सिनेमात वितळलेलं पोलाद साच्यात ओतून तलवार बनवताना दाखवतात ना, ते मनावर घेऊ नका. पोलाद वितळायला १४५० अंशांच्या पुढे जावं लागतं आणि ओतलेल्या पातळ पट्टीत भरड कण नि पोकळ्या राहतात. पातं ठोकून घडवायचं असतं. ओतायची असते ती मूठ.)

ओतारी आधी मूठ मेणाची बनवतो. मधमाशांचं मेण आणि राळ एकत्र करून केलेलं हे मिश्रण उन्हात वळतं आणि सावलीत घट्ट होतं. वेलबुट्टी, वाघाचं तोंड, परजेच्या टोकांवरच्या कळ्या, सगळं मेणात. या पद्धतीचं वर्णन कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. त्यात मेण आधी तोलून घ्यायचं आणि त्यावरून धातू किती लागेल ते काढायचं असं सांगितलंय. गणित सोपं आहे: पितळाची घनता मेणाच्या साधारण नऊपट. ५० ग्रॅम मेणाची मूठ म्हणजे ४५० ग्रॅम पितळ, वर ओतायच्या नळीत राहणारं वेगळं.

मूठ आतून पोकळ हवी, कारण तिच्यात शेपटी आणि लाख जाणार. म्हणून आधी मातीचा गाभा, त्यावर मेण, आणि गाभा हलू नये म्हणून आरपार छोटे लोखंडी खिळे. मग बाहेरून मातीचे लेप. पहिला लेप अगदी बारीक चाळलेल्या मातीचा, कारण नक्षीचा प्रत्येक ओरखडा तोच पकडतो. नंतरचे जाडे, तूस मिसळलेले. तूस जळून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात, ज्यातून ओतताना हवा नि वायू बाहेर पडतात. साचा तापवला की मेण वाहून जातं आणि त्याच्या आकाराची पोकळी उरते. हा साचा चांगला भाजून गरम असतानाच धातू ओतायचा. थंड साच्यात पितळ अर्ध्या वाटेत गोठतं आणि वाघाला एक कान कमी येतो. ओलसर साच्याबद्दल तर बोलायलाच नको: पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू उलट अंगावर उडतो.

आता, पितळच का? शुद्ध तांबं १०८५ अंशांना वितळतं, वितळल्यावर वायू शोषून घेतं, आणि गोठताना ते वायू बाहेर पडून ओतीव काम स्पंजासारखं होतं. जस्त मिसळलं की वितळणबिंदू खाली येतो, धातू बारीक कोपऱ्यांत पळतो, आणि जस्त स्वतः ऑक्सिजन पकडून धातू साफ ठेवतं. पण जस्ताची खोड वाईट. ते ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला चक्क उकळतं. म्हणजे वितळलेल्या तांब्यात जस्त टाकणं म्हणजे तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब टाकणं. म्हणून मुशीवर कोळशाची भुकटी आणि टाकणखाराचं आवरण ठेवतात, जस्त शेवटी घालतात, ढवळून लगेच ओततात. तरीही पांढरा धूर येतोच. हवेत तरंगणारे कापसासारखे पुंजके म्हणजे जस्ताचा ऑक्साइड.

हा धूर छातीत गेला की चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग दुखतं. बघणाऱ्याला मलेरिया वाटावा. सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कारखान्यात कुणी मनावर घेत नाही. दूध प्या, गूळ खा, म्हणतात. दूध-गुळाने तो ताप अडत नाही. उघड्यावर काम, वारा पाठीमागून, आणि योग्य मास्क, एवढंच खरं. आणि भंगारातले नळ वितळवत असाल तर त्यात बहुधा शिसंही असतं. ते दोन दिवसांत उतरत नाही, शरीरात साठत जातं.

गोठताना पितळ प्रत्येक दिशेने दीड-दोन टक्के आकसतं. दहा सेंटिमीटरची मूठ दोनेक मिलिमीटरने लहान निघते, म्हणून मेण तेवढंच मोठं करायचं. शेपटीची फटही मुद्दाम सैल ठेवायची, कारण उरलेली जागा लाख भरून काढणार आहे. सोनार पोकळ मण्यांत भरतात तीच लाख. त्यात राळ आणि विटेची पूड घालतात. नुसती लाख ठिसूळ असते, पूड घातली की ती आकसते कमी आणि टिकते जास्त. मिश्रण गरम करून मुठीत भरायचं, कोमट शेपटी आत सारायची, पातं सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघायचं, आणि गार होऊ द्यायचं.

लाखेचा जोड कच्चा वाटतो ना? पण त्याचा एक मोठा फायदा आहे: तो सोडवता येतो. मूठ उकळत्या पाण्यात धरली की लाख मऊ पडते आणि पातं निघतं. नवं पातं जुन्या मुठीत, किंवा उलट. मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारी म्हणजे युरोपातून आलेली पाती आणि इथल्या मुठी. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवारही तशीच: पातं युरोपीय, त्यावर 'आयएचएस' ही ख्रिस्ती अक्षरं, मूठ देशी. पातं आणि मूठ उष्णतेने वितळून एकजीव केलेली असती तर हा संसार जुळलाच नसता.

लाख आणखी एक काम गुपचूप करते. पितळ आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना थेट चिकटून राहिले की त्यांची छोटी बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजतं ते पोलाद. मधली लाख वीज वाहू देत नाही. कोकणच्या पावसात ही गोष्ट लहान नाही.

आता आजच्या प्रतिकृती. बाजारातल्या बऱ्याच शोभेच्या तलवारींत शेपटी नसतेच. पात्याच्या मागे आट्याची सळई वेल्डिंगने चिकटवलेली असते आणि तिच्यावर पितळी मूठ नटाने आवळलेली. जास्त कार्बनच्या पोलादाला वेल्डिंग केलं की जोडाशेजारचा पट्टा क्षणात तापतो, क्षणात गार होतो, आणि तिथे टेंपर न केलेलं ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतं. त्याच्या पलीकडचा पट्टा उलट मऊ पडलेला. ठिसूळ आणि मऊ शेजारी शेजारी, तेही सगळ्यात जास्त ताणाच्या जागी, आणि वरून सुंदर पितळी परज, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही. अशी तलवार भिंतीवर छान. ती फिरवू नका, मुलांच्या हातात फिरवायला देऊ नका. आखाड्यासाठी घेत असाल तर बनवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: शेपटी पात्याच्याच तुकड्यातून काढलीय का, आणि शेपटी जिथे सुरू होते तो कोपरा कानशीने गोल केलाय का? काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि भेग तिथूनच निघते. तो तिसरंच काही सांगायला लागला तर पुढच्या दुकानात जा. आणि स्वतः बनवायचा विचार असेल तर आधी शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे नियम बघा. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार शस्त्र बनवायला परवाना लागतो.

लाखेऐवजी इपॉक्सी वापरली तर? चालते, मीही तीच सुचवेन, सोबत एक आरपार खिळा ठोकून. पण जिना तोच राहतो. साधी इपॉक्सीही ५०-६० अंशांना नरमायला लागते. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली तलवार ठेवलीत तर लाख काय आणि इपॉक्सी काय, दोघींची परीक्षाच.

घरात जुनी तलवार असेल तर खंडेनवमीच्या आधी एक करा. पितळी मूठ चिंचेने किंवा लिंबाने घासायची सवय बहुतेक घरांत असते. पितळ त्याने उजळतं, पण तो आंबट रस परजेच्या फटीतून शेपटीवर उतरला की आतून गंज धरतो, आणि तो मूठ हलायला लागेपर्यंत कळत नाही. मूठ खाली आणि पातं वर असं तर मुळीच धरू नका. पात्यावरचं सगळं पाणी फटीत जातं. रस कापडाला लावून पुसा, लगेच ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, फटीला तेलाचं एक बोट लावा. हळदकुंकू वाहिलंत तर दुसऱ्या दिवशी तेही पुसून काढा. आणि मूठ आत्ताच किंचित हलत असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका.